जुनी गाडी, नवं नाव आणि अठरा टक्क्यांची भीती



दिवाळीनंतर आमच्या एका बचत गटाने जुना टेम्पो घ्यायचं ठरवलं. गट अकरा जणींचा, सगळ्या म्हावरं विकणाऱ्या. दोघी-तिघी सुकट आणि बोंबील वाळवून रोह्याच्या बाजारात नेतात. आजवर टोपल्या एसटीत चढवायच्या नाहीतर भाड्याचा टेम्पो करायचा, आणि बंदरावर मासळी जास्त आली की नेमका त्याच दिवशी भाडेवाला भाव वाढवतो. म्हणून स्वतःची गाडी हवी होती. पनवेलकडच्या एका गृहस्थाचा २०१८ सालचा छोटा हत्ती मिळाला. त्यांनी भाजीचा धंदा बंद केला होता. सौदा दोन लाख दहा हजारांना ठरला. थोडे पैसे गटाचे, बाकीचं बँकेचं कर्ज.

मग आला एजंट. त्याने वहीच्या पानावर खर्च लिहून दिला. आरटीओची फी, स्मार्ट कार्ड, पाटी, त्याचा स्वतःचा मेहनताना, आणि सगळ्यात खाली एक ओळ: सेल्स टॅक्स १८ टक्के, ३७,८०० रुपये. “हा भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही,” असं त्याने सांगितलं.

गटातल्या बाया महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये बचत टाकतात. अकरा जणींचे बावीसशे. हिशेब आम्ही तिथेच मांडला: ३७,८०० म्हणजे सतरा महिन्यांची बचत. एक मावशी म्हणाल्या, “नको गं बाई तो टेम्पो, टोपलीच बरी.” सौदा मोडायलाच आला होता.

तो मोडला नाही, कारण आम्ही दोन दिवस मागून घेतले आणि चौकशी केली. त्या दोन दिवसांत जे समजलं ते आज सांगतो. किनाऱ्यावरच्या किती तरी घरांत आता जुनी स्कूटर, जुनी रिक्षा, जुना टेम्पो येतो. रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईच्या जुन्या गाड्याही मांडव्याला सहज उतरतात. व्यवहार वाढले तशी अशी पानंही वाढली.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. खाजगी माणसाने आपली वापरलेली गाडी दुसऱ्या खाजगी माणसाला विकली, तर त्यावर सेल्स टॅक्स नाही. ज्याला आपण अजून सेल्स टॅक्स म्हणतो तो कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात, म्हणजे जीएसटीत गेला. जीएसटी कोणाकडून घेतला जातो? ज्याचा धंदा आहे आणि ज्याची जीएसटीत नोंदणी आहे, त्याच्याकडून. आपल्या पनवेलच्या गृहस्थांची जीएसटी नोंदणी नव्हती, कधी झालीच नव्हती. तेव्हा ते आपल्याकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. आणि आरटीओ तर जीएसटी गोळा करणारं कार्यालयच नाही. आरटीओ घेतं ती फी आणि मोटार वाहन कर.

मग आमच्यासारख्या शिकलेल्या बायकासुद्धा क्षणभर का फसल्या? कारण तीन-चार गोष्टी डोक्यात एकत्र झाल्या होत्या.

पहिली गोष्ट जमिनीची. आपल्याकडे जमीन घेतली की दर वेळी मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तीच जमीन पाच वेळा विकली तर पाचही वेळा. मग वाटतं, गाडीचंही तसंच असणार. पण गाडीचं तसं नाही. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. तो पहिल्या मालकाने भरला. त्यानंतर ती दोन सामान्य माणसांत हातोहात गेली तर पुन्हा भरायचा नाही.

दुसरी गोष्ट परदेशची. आमच्या गटातल्या एकीचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, इथे तर भरावाच लागतो. मी शेजाऱ्याकडून जुनी गाडी घेतली तरी नावावर करताना सेल्स टॅक्स भरला.” तो खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत हा कर राज्यं घेतात, आणि बऱ्याच राज्यांत खाजगी व्यवहारातली जुनी गाडी नोंदवतानाही तो खरेदीदाराकडून घेतात. न्यू जर्सीत त्याचा दर ६.६२५ टक्के आहे. पण तो तिथला कायदा. आपल्याकडे तसा नाही.

तिसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. २१ डिसेंबर २०२४ ला राजस्थानात जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. तिथे ठरलं की जुन्या वाहनांवर आधी काहींना १२ आणि काहींना १८ टक्के असा जो दर होता, तो सगळ्यांना १८ करायचा. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर सुरू: “बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावरही अठरा टक्के भरा!” लोक घाबरले, चिडले, विनोदही झाले. खरं तर त्याच बैठकीच्या निवेदनात स्पष्ट म्हटलं होतं की हा कर फक्त नफ्याच्या भागावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि ज्यांची नोंदणी नाही त्यांना तो लागूच नाही. पण निवेदन कोण वाचतंय? आमच्या एजंटाच्या पानावरचे १८ टक्के तिथूनच आले असावेत. मुद्दाम लिहिले की अज्ञानाने, ते त्यालाच माहीत.

आता, गाडी जर गावातल्या माणसाकडून न घेता जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडून घेतली तर? तिथे जीएसटी आहे, पण कसा ते बघा. समजा दुकानदाराने टेम्पो एक लाख सत्तर हजारांना घेतला आणि तुम्हाला दोन लाखांना विकला. त्याचा नफा तीस हजार. त्या तीस हजारांवर १८ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. पूर्ण दोन लाखांवर धरले तर ३६,००० झाले असते. फरक डोळ्यांसमोर आहे. दुकानदाराला गाडी तोट्यात विकावी लागली तर जीएसटी शून्य. हा कर सरकारकडे भरण्याची जबाबदारी दुकानदाराची. तो आपल्या भावात धरतो हे खरं, धंदाच आहे त्याचा. पण दोन लाख भाव ठरल्यावर “आणि वर छत्तीस हजार जीएसटी” असं कोणी म्हणालं, तर त्याला शांतपणे म्हणायचं, “बिल द्या. बिलावर तुमचा जीएसटी नंबर लिहा.” बिल मागितलं की पुष्कळ आकडे आपोआप खाली येतात, हा आमचा अनुभव आहे, आणि फक्त गाडीपुरता नाही.

विकणारा एखादा नोंदणीकृत धंदा असेल, उदाहरणार्थ बर्फाचा कारखाना किंवा मासळी निर्यात करणारी कंपनी, तर हिशेब थोडा वेगळा. त्यांनी आयकरात गाडीचा घसारा दाखवलेला असतो. तिथे विक्रीची किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत, एवढ्यावर कर. आणि गाडी घेताना भरलेल्या कराची वजावट त्यांनी घेतलेली असेल तर ही नफ्यापुरती सवलत त्यांना मिळत नाही. अशा ठिकाणी भाव ठरवतानाच विचारायचं: हा भाव कर धरून की कर सोडून? आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

दुकानदाराबद्दल अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, असा केंद्राचा नियम आला आहे. जुन्या मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की त्याची सूचनाही आरटीओला द्यायची असते. दुकानात गेलात तर ते अधिकारपत्र दाखवा म्हणा. आपण रेशन दुकानाचा परवाना बघतो, मग दोन लाखांच्या दुकानाचा का बघू नये?

भावाचं निघालंच आहे तर हेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्या, तीनचाकी, छोट्या मोटारी आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली तर जुनीचाही भाव उतरायला हवा. विकणारे अजून जुन्याच भावाने बोलतात. आम्ही हा मुद्दा काढला, म्हणून सव्वादोन लाखांचे दोन लाख दहा झाले.

सेल्स टॅक्स नाही म्हणजे काहीच भरायचं नाही, असं मात्र समजू नका. आरटीओत काय लागतं ते बघू.

नाव बदलण्याची सरकारी फी ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. दुचाकीला १५० रुपये, खाजगी चारचाकीला ३००, आपल्या छोट्या हत्तीसारख्या हलक्या मालवाहू गाडीला ५००. स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली हवी. नसेल तर काम अडतं. तिचा दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, आणि त्यावर मात्र जीएसटी आहे, कारण पाटी ही नवी वस्तू आहे. चारचाकीला तो धरून ८७९ रुपयांच्या आसपास होतात.

मग मोटार वाहन कर. हा राज्याचा. खाजगी गाडीला तो पहिल्या नोंदणीच्या वेळी एकदाच भरलेला असतो. पेट्रोल मोटारीला किमतीच्या ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी एकीकडून दुसरीकडे गेली, दोघीही सामान्य माणसं असतील, तर तो पुन्हा भरायचा नाही. गाडीचा नंबरही बदलत नाही. पनवेलचा एमएच ४६ आमच्याकडे पेणच्या एमएच ०६ च्या हद्दीत आला तरी पाटी तीच राहिली. मालवाहू गाडीचं मात्र बघावं लागतं. काहींचा कर एकरकमी भरलेला असतो, काहींचा मुदतीने भरायचा असतो. थकलेला असेल तर तो भरल्याशिवाय नाव चढत नाही. घरपट्टी थकलेल्या घरासारखंच आहे ते. थकबाकी गाडीबरोबर येते, जुन्या मालकाबरोबर जात नाही.

जुन्या गाडीला पर्यावरण करही आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की, आणि मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की तो सुरू होतो. आमचा टेम्पो सात वर्षांचा, म्हणजे पुढच्या वर्षी हा खर्च आहे, तो आम्ही आत्ताच वहीत मांडून ठेवला. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीची योग्यता तपासणी, म्हणजे फिटनेस, दरवर्षी करावी लागते, तोवर दोन वर्षांनी. आणि कोणी पंधरा वर्षांची मोटार चाळीस हजारांत देतो म्हणाला तर हुरळू नका. अशा मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी २०२२ पासूनच पाच हजार आहे, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ती अजून वाढली.

सगळ्यात मोठा खड्डा आहे परराज्यातल्या गाडीचा. गोव्याची जीए पाटीची मोटार स्वस्त मिळते म्हणून आपल्याकडे कितीतरी जण आणतात. तिकडे भरलेला एकरकमी कर इकडे चालत नाही. गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण मूळ बिल हवं, आणि तिकडच्या आरटीओची ना हरकत हवी. स्वस्तातली गाडी इथे महाग पडते. जीएसटी येण्याआधी तर बाहेरून आणलेल्या गाडीवर महाराष्ट्राचा वेगळा प्रवेश करही होता, १९८७ च्या कायद्याचा. वडीलधारी मंडळी “बाहेरची गाडी आणली की टॅक्स लागतो” म्हणतात ते त्या काळाच्या आठवणीतून. प्रवेश कर गेला, वाहन कर आहे.

आता त्या भागाकडे येतो जो आम्हाला करापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. एजंटाच्या पानाला घाबरून बाया काय करतात माहीत आहे? गाडी घेतात, पण नावावरच करत नाहीत. “एवढा टॅक्स कशाला, स्टॅम्पवर लिहून घेऊ, चालेल.” पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या होतात आणि गाडी जुन्याच नावाने वर्षानुवर्षं फिरते. सातबाऱ्यावर फेरफार न घालता नुसत्या साठेखतावर जमीन कसण्यासारखं आहे हे.

कायदा असा की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, तो नमुना २९. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, तो नमुना ३०. अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर भरतात. त्या वेळी विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, म्हणून तो माणूस हाताशी असतानाच बसायचं. पैसे पूर्ण दिले आणि मग तो फोन उचलत नाही, असं आमच्याच दुसऱ्या गटाचं झालं आहे. म्हणून आम्ही शेवटचे वीस हजार ओटीपी येईपर्यंत हातात ठेवले होते. गृहस्थ हसले, पण थांबले.

नाव न बदललं तर काय होतं? विकणाऱ्याच्या बाजूने आधी बघा, कारण बायका स्कूटर विकतातही. आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईने स्कूटी ओळखीच्या मुलाला दिली. दोन वर्षं तिच्या मोबाइलवर दंडाचे ई-चलन येत राहिले, कुठे कुठे हेल्मेट नाही, कुठे सिग्नल तोडला. तो दंड तरी परवडला. अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. त्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याचंच होतं. अपघातात मूल गेलं. आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली, ज्याने गाडी आधीच विकली होती. हे जरा वाचून दाखवा घरी, जो कोणी “नावाचं बघू नंतर” म्हणतो त्याला.

घेणाऱ्याच्या बाजूनेही तोटा आहेच. गाडी हस्तांतर झाल्यावर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करायचा असतो. तो केला नाही आणि आपल्याच गाडीचं नुकसान झालं, टेम्पो घाटात उलटला किंवा पुरात गेला, तर भरपाई मागायला आपण कोण? विमा दुसऱ्याच्या नावाचा. बँकेचं कर्जही नावाशिवाय उभं राहत नाही.

आणि नाव म्हणजे कोणाचं नाव, हेही बोलायला हवं. आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा बघतो, गटाचं कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई फेडते, आणि आरसीवर नाव नवऱ्याचं नाहीतर दिराचं. “त्यालाच चालवता येते ना,” हे कारण. चालवायला लायसन्स लागतं, मालक व्हायला नाही. गाडी चालवणारा एक आणि मालक दुसरी, हे कायद्याला पूर्ण मान्य आहे. आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही, म्हणून आम्ही टेम्पो अध्यक्षताईंच्या नावावर घेतला, वर बँकेचा बोजा चढवला, आणि गटाच्या ठराव वहीत सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवलं की टेम्पो अकरा जणींचा आहे, हप्ता कसा फेडायचा, विकला तर पैसे कसे वाटायचे. अध्यक्षताईंच्या घरी यावरून दोन दिवस धुसफूस झाली. होऊ दे म्हटलं.

याच्याच जोडीला एक दुःखाचा विषय. घरातला कर्ता माणूस गेला आणि गाडी त्याच्या नावावर आहे. समुद्रावरच्या घरांना हे नवं नाही. तेव्हा ती गाडी विकत घेतलेली नसते, वारशाने आलेली असते, तिच्यावर ना सेल्स टॅक्स ना दुसरा वाहन कर. पण कळवावं लागतं. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. २०२१ पासून आरसीवर आधीच नामनिर्देशन करता येतं, बँकेच्या खात्यासारखं. ते केलेलं असेल तर पुढची धावपळ पुष्कळ वाचते. घरच्या गाडीवर नामनिर्देशन आहे का, हे आज रात्री जेवताना विचारून टाका. अपशकुन वगैरे काही नसतं त्यात.

अदलाबदलीचंही कोणी विचारलं होतं. दोघी बहिणींनी आपसात स्कूटर बदलल्या, पैसे दिलेच नाहीत, तर? तरी ती दोन हस्तांतरं. दोन्ही गाड्यांचे दोन अर्ज, दोन फी, कर नाही. शोरूममध्ये जुनी देऊन नवी घेताना मात्र चूक करू नका. जुनीचे ऐंशी हजार वजा करून उरलेल्यावरच जीएसटी लागेल असं वाटतं. तसं नाही, नवीच्या पूर्ण किमतीवर लागतो.

गाडी बघायला जाल तेव्हा मोबाइलवर एमपरिवहन ॲप असू द्या. नंबर टाकला की मालकाच्या नावाची काही अक्षरं, विम्याची आणि फिटनेसची मुदत, कर कुठवर भरला, बोजा आहे का, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेची ना हरकत आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ई-चलन वेगळं तपासा. आमच्या टेम्पोवर तीन चलनं निघाली. गृहस्थांना दाखवली, त्यांनी भरली.

आणि आपल्या किनाऱ्याची खास गोष्ट, जी पुण्या-नाशिकची माणसं सांगणार नाहीत. खारा वारा पत्रा खातो. मासळीच्या टेम्पोतून तर बर्फाचं खारट पाणी सतत खाली गळतं. वरून रंग मारलेला असतो, पण खाली वाकून टॉर्च मारा. चेसिसवर कोरलेला नंबर वाचता येतो का बघा. नाव बदलताना त्या नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन कागदाला लावावा लागतो. गंजाने आकडा खाल्ला असेल तर छाप उठत नाही आणि सगळं काम तिथेच अडतं. आम्ही आधी रेवदंड्याजवळ एक टेम्पो बघितला होता, तीस हजारांनी स्वस्त. त्याचा नंबर बोटाने चाचपडूनही लागेना. आमच्यातल्या एका मावशींनी पदराने घासून बघितलं, तर पापुद्राच हातात आला. तो सोडला.

पैसे बँकेतून द्या. पनवेलच्या गृहस्थांना सगळे रोख हवे होते. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे आम्ही त्यांना सांगितलं. मग त्यांनी खाते नंबर दिला.

आता तो एजंट. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आम्ही भांडलो नाही. एवढंच विचारलं, “दादा, या ३७,८०० ची पावती कोणाच्या नावाने मिळेल? जीएसटीची की आरटीओची?” तो म्हणाला, “साहेबांना विचारून सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्याने नवं पान आणलं. त्यात ती ओळ नव्हती. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. त्याच्या मेहनतीचे अडीच हजार आम्ही दिले, आणि ते योग्यच दिले असं आम्हाला वाटतं. श्रीवर्धन-मुरूडहून पेणला जाऊन यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि दोन वेळा जावं लागलं तर दोन दिवसांची. पण मेहनताना मेहनतान्याच्या नावाने घ्यावा, कराच्या नावाने नाही. सरकारी फीची पावती ऑनलाइन निघते, ती आपल्या हातात मागून घ्यायची.

आमचा एकूण खर्च असा झाला: नावाची फी ५००, कार्डाचे २००, पाटीचे ८७९, एजंटाचे २,५००, शिवाय बँकेचा बोजा चढवण्याची फी, टपाल, पीयूसी आणि विमा. विमाच सगळ्यात मोठा. आरसी टपालाने अध्यक्षताईंच्या घरी आली. मावशी, त्याच टोपली बरी म्हणणाऱ्या, आता पहाटे पुढच्या सीटवर बसून रोह्याला जातात.

तुमच्या गटाला कोणी असं पान दिलं असेल तर पैसे देण्याआधी त्याचा फोटो काढून ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. एकेक ओळ बसून वाचू.